केबल 'ओके' आहे म्हणजे नक्की काय?

पी.एल.मध्ये हॉस्टेलची लाईट जाणं यात नवीन काही नाही. पण मागच्या पी.एल.मधला किस्सा माझ्या डोक्यातून जात नाही. आपली ११ के.व्ही.ची जुनी एक्स.एल.पी.ई. केबल गेली. माणसं आली, खणलं, जॉइंट मारला, मेगर लावला, डी.सी. हाय-पॉट दिला आणि केबल 'ओके' म्हणून चार्ज केली. आम्ही टाळ्या वाजवल्या. आठव्या दिवशी पुन्हा अंधार! आणि फॉल्ट नव्या जॉइंटमध्ये नव्हताच, तिथून वीसेक मीटरवर, चांगल्या दिसणाऱ्या केबलमध्ये होता. सगळे म्हणाले, नशीब. मला नाही तसं वाटत.

आपण जर्नलमध्ये ब्रेकडाऊन व्होल्टेज म्हणून एक आकडा लिहितो आणि मोकळे होतो. जणू त्या आकड्याच्या खाली सगळं सुरक्षित. खरं तर ११ के.व्ही. केबलच्या इन्सुलेशनवर सरासरी २ के.व्ही. प्रति मि.मी. एवढाही ताण नसतो. पॉलिएथिलीनची पातळ फिल्म लॅबमध्ये याच्या शेकडो पट सोसते. मग केबल मरते कशी? हळूहळू मरते. आत हवेची चपटी पोकळी राहिली तर तिच्यातला ताण भोवतालच्या २.३ पट होतो, आणि हवा तर ३ के.व्ही.च्या आसपासच हात टेकते (पोकळी बारीक असेल तर जरा जास्त सोसते). झाली ठिणगी, की ती पुन्हा पुन्हा पडते, भिंत कोरते आणि झाडाच्या फांद्यांसारखे मार्ग फुटत जातात. हे इलेक्ट्रिकल ट्री. वॉटर ट्री त्याहून लबाड. जमिनीतली ओल आणि अगदी साधा ताण एवढ्यावर ते वर्षानुवर्षं वाढतं, ठिणगी नाही, आवाज नाही. मेगर बिचारा बऱ्याचदा चांगलंच रीडिंग दाखवतो.

आता डी.सी. टेस्ट. जुन्या, ओल खाल्लेल्या एक्स.एल.पी.ई.ला डी.सी. दिला की या झाडांपाशी चार्ज अडकून बसतो. नंतर ए.सी. चालू केला की त्याचा ताण वर चढतो. म्हणजे तपासणीच रोग वाढवते! म्हणूनच अशा केबलला ०.१ हर्ट्झचा व्ही.एल.एफ. आणि सोबत टॅन डेल्टा घ्यावा असं म्हणतात.

आलेल्या माणसांना मी दोष देत नाही. गाडीत जो सेट होता तो त्यांनी लावला, तोही भर पावसात. आमचे सर म्हणाले, "व्ही.एल.एफ. सेट कितीला येतो माहीत आहे का?" मान्य. पण वर्षातून एकदा भाड्यानं आणून टॅन डेल्टा वहीत लिहायला काय हरकत आहे? यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या शेजारी असला तरच त्याला अर्थ. आणि लॅबमध्ये एकदा तरी पारदर्शक इपॉक्सीत सुई बसवून, व्होल्टेज न वाढवता, तासन्‌तास झाड वाढताना बघू द्या. 'ब्रेकडाऊन' म्हणजे फक्त 'फाट्‌' नव्हे हे मला थर्ड इयर संपेपर्यंत कळलं नव्हतं, राव.

दुसऱ्या फॉल्टच्या जवळचा फूटभर तुकडा मी मागून आणलाय. जळालेल्या जागी काही उरत नाही, शेजारी मात्र सापडू शकतं. पातळ काप काढून गरम मिथिलीन ब्ल्यूमध्ये ठेवले की वॉटर ट्री निळी दिसतात. तुकडा माझ्या कॉटखाली आहे. केमिस्ट्री लॅबमध्ये कुणाची ओळख असेल तर मिथिलीन ब्ल्यूचं तेवढं बघा.