सहाण घ्यावी तर कोणती?

मराठी भाषेने न्हाव्याच्या हत्यारांची कदर फारशी केलेली नाही. कोणी आपली खरडपट्टी काढली, की ‘बिनपाण्याने हजामत’ झाली, आणि विश्वासातल्या माणसाने दगा दिला, की त्याने ‘केसाने गळा कापला’! वास्तविक ह्या हत्यारांचे कूळ फार थोर. आपला वस्तरा फारसीतल्या ‘उस्तुरा’पासून आला. त्याचे संस्कृत नाव ‘क्षुर’. कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या वाटेला उपमा दिली आहे ती ह्या क्षुराच्या धारेची. आमच्या संत सेनांनी तर ह्याच धंद्याच्या हत्यारांतून परमार्थ सांगितला. आणि धार लावायची ती सहाण म्हणजे संस्कृतातला ‘शाण’.

मास्तरकीच्या सवयीने एवढे प्रास्ताविक झाले. आता मुद्द्यावर येतो. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारे एक तरुण सहकारी आहेत. त्यांच्या घराण्याकडे गावची न्हावकी होती. आजोबा बलुत्यावर गावाच्या दाढ्या करीत आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणीत. वडिलांनी शहरात येऊन नोकरी धरली आणि धोकटी माळ्यावर टाकली. ती यंदा आवराआवरीत ह्यांच्या हाती लागली. आत सोलिंगेनचा छाप असलेला एक वस्तरा आणि मध्ये चांगलाच खळगा पडलेली एक करडी सहाण.

“सर, ह्या वस्तऱ्याने मला माझी दाढी करायची आहे,” ते म्हणाले. मी गेली पंधरा वर्षे वस्तराच वापरतो हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी सहाणांची यादी पुढे केली. तीत जपानच्या तीन, बेल्जियमची एक आणि चीनची एक अशा पाच सहाणा होत्या. बेरीज त्यांच्या महिन्याच्या मानधनापेक्षा जास्त, आणि ते मानधनही कधी वेळेवर हाती पडत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच. मी त्यांना जे सांगितले ते वाचकांपैकी कोणाच्या घरी असा जुना वस्तरा पडून असल्यास त्यांच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट आकड्यांची. सहाणेवरचा आकडा जितका मोठा, तितका तिचा कण बारीक. जपानी पद्धतीच्या 1000 आकड्याच्या सहाणेचा कण साधारण 14 मायक्रॉनचा असतो, तर 8000 च्या सहाणेचा दोन मायक्रॉनहूनही लहान. हजाराची सहाण धारेचा उतार घडवते, पाच-सहा हजारांची तिचे ओरखडे पुसते आणि आठ ते बारा हजारांची शेवटची जिल्हई देते. पण नैसर्गिक दगडावर कोणी आकडा सांगितला, तर तो अंदाज समजावा. चीनचा तो प्रसिद्ध ‘बारा हजारी’ दगड स्वस्त आहे, बारीकही आहे. पण तो इतका सावकाश काम करतो, की घेणाऱ्याजवळ पैशाऐवजी सबुरी हवी.

बेल्जियमच्या आर्डेन भागातला पिवळसर ‘कोटिक्युल’ हा दगड गुणाचा खरा. त्यात गार्नेटचे बारीक कण असतात आणि त्यांनीच धार लागते. मात्र त्याचे थर अगदी अरुंद, म्हणून तो महाग. अमेरिकेत आर्कान्सामध्ये ‘नोव्हाक्युलाइट’ मिळतो. लॅटिनमध्ये ‘नोव्हाकुला’ म्हणजे वस्तरा, म्हणजे दगडाचे नावच वस्तऱ्यावरून पडले आहे. नाव ऐकून मोह होतो. पण चांगल्या धारेला नामांकित दगडच लागतो असे नाही.

दुसरी गोष्ट, वस्तरा सुरीपेक्षा शहाणा असतो. त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकदम सहाणेवर टेकतात, त्यामुळे कोन आपोआप साधतो. आपण फक्त दाबायचे नाही. सहाणेवर धार पुढे ठेवून जायचे, परतताना पाठीवर वस्तरा उलटायचा. चामड्याच्या पट्ट्यावर नेमके उलट, पाठ पुढे आणि धार मागे. एवढे चुकले तर बेल्जियमचा दगडही काही करू शकत नाही. सहाण मात्र सपाट हवी. खळगा असला, की पाते सारखे टेकत नाही आणि धार कुठे लागते, कुठे लागत नाही.

म्हणून कमी पैशात करायचे ते असे. एक बाजू 1000 आणि दुसरी 6000 अशी दुहेरी कृत्रिम सहाण घ्यावी. ती आता ऑनलाइन सहज आणि स्वस्त मिळते. विळी-सुरीसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी कार्बोरंडमची सहाण वस्तऱ्याला लावू नये. ती फार भरड. पट्टा घेणे होईपर्यंत जुने वर्तमानपत्र घट्ट घडी करून वापरले तरी चालते. (हा दिवाळी अंक मात्र वापरू नये, निदान वाचून होईपर्यंत!) धार पारखायची ती दिव्याखाली. धारेच्या काठावर उजेड चमकला, की तिथे ती बोथट आहे असे समजावे. चांगली धार दिसत नाही.

राहिली शेवटची बारीक सहाण. “ती तर तुमच्या धोकटीतच आहे,” मी म्हणालो. “जाड काचेवर 220 नंबरचा वॉटर पेपर ओला करून ठेवा, सहाणेवर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि त्या पुसल्या जाईपर्यंत घासा. मग चारशे, हजारचा कागद. सहा हजारांनंतर वस्तरा तिच्यावर लावून घड्याळजीच्या भिंगातून पाहा. ओरखडे बारीक झाले, तर सहाण तुमच्या कामाची.”

ते गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, हा खळगा आजोबांच्या हातचा आहे. घासला, तर गेला.”

ह्यावर पुस्तकी उत्तर नव्हते. मी सहाण हातात घेऊन उलटी केली. पाठ खडबडीत होती. तिला कधी वस्तरा लागलेलाच नव्हता. म्हटले, “मेहनत जास्त पडेल, पण ही बाजू तुमची.”

तीन रविवार घासून त्यांनी ती सपाट केली. भिंगातून पाहिली तेव्हा ओरखडे सहा हजारांच्या सहाणेहून बारीक निघाले. यादीतल्या पाच सहाणांपैकी एकही मागवावी लागली नाही. दुहेरी सहाण तेवढी घेतली.

वडिलांना त्यांनी हे अजून सांगितलेले नाही. ज्या धोकटीबरोबर गावकीची ताबेदारी आली, ती माळ्यावर टाकण्याचा वडिलांचा अधिकार मी मानतो. आजोबांनी गावाच्या दाढ्या केल्या, त्या कराव्या लागत होत्या म्हणून. नातू दाढी करणार आहे ती स्वतःची, आणि तीही हौसेने. हा फरक वडिलांच्या ध्यानात येईल असे मला वाटते. न आला, तर मुलाने त्यांच्याशी वाद घालू नये. दाबून धार लागत नाही, हे तर तो शिकलाच आहे.