दोष एकट्या पिशवीचा नाही
धारणीच्या ओपीडीत गर्भ पडल्याची केस आली, की सोबतचे लोक "हिची पिशवीच कमजोर" म्हणून मोकळे होतात. गर्भ टिकतो कसा, हे तपासायला शास्त्रज्ञ कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरिणीच्या गर्भपिशवीच्या अस्तरातील पेशी पोषक द्रवात वाढवतात. (पेशी वाढवून प्रयोगशाळांना पुरवणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यात १९८६ सालीच स्थापन झाले.) डुकरात अकराव्या-बाराव्या दिवशी गर्भच इस्ट्रोजेन सोडून आईच्या शरीराला निरोप देतो. निरोप पोचला नाही, तर अस्तर निरोगी असूनही गर्भ राहत नाही. माणसात हा निरोप एचसीजीचा. शिवाय आपला गर्भ अस्तरात रुततो, डुकराचा नुसता चिकटतो; म्हणून तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण गर्भात अर्धा वाटा बापाचा, हे दोन्हीकडे खरे. दोनदा गर्भ पडला असेल, तर नवऱ्यानेही तपासणीला यावे.