सही मिळाली, संमतीचे काय?

सही आणि संमती हे दोन्ही शब्द आपल्या घरात मराठीतही चालतात आणि कन्नडमध्येही. पण दोन्हींचा अर्थ एक नाही. शेजारची एम.एस.डब्ल्यू. करणारी मुलगी मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत पाहणीसाठी निघाली होती. पिशवीत चाळीस प्रश्नावल्या, प्रत्येकीच्या तळाशी नावाची आणि सहीची जागा. म्हणाली, "काकू, सह्या आणल्या की काम झाले."

मी तिला बसवून घेतले. म्हटले, "ज्यांच्या दारात जातेस, त्यांचा आधी विचार कर." १९५९ नंतर तिबेट सोडून आलेल्यांसाठी १९६६ मध्ये ही वसाहत सुरू झाली. तिथल्या कित्येकांचे भारतातले राहणे नोंदणी दाखल्यावर अवलंबून असते. ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते. कागद घेऊन कोणी आले, की ‘नाही म्हटले तर दाखल्याला अडचण येईल का?’ अशी धास्ती वाटू शकते. सोबत वसाहतीतला पदाधिकारी असेल, तर भिडेपोटीही सही होते. शिवाय नाव छापून आले, तर तिबेटात राहिलेल्या नातलगांना त्रास होण्याची भीती.

सह्या तर अमेरिकेतल्या हवासुपाई आदिवासींच्याही होत्या. ॲरिझोनात १९९० पासून त्यांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिले. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनियाच्या आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासाला वापरले गेले. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० मध्ये तडजोड होऊन सात लाख डॉलर भरपाई मिळाली आणि उरलेले नमुने परत आले.

म्हणून आधी सांगावे, की आपण विद्यार्थी आहोत, सरकारी माणसे नव्हे. उत्तर दिल्याने फायदा नाही, न दिल्याने तोटा नाही. माहिती कशासाठी हवी, तेही सांगावे. नावाऐवजी क्रमांक घालावा. सहीची भीती वाटत असेल, तर मार्गदर्शकांना विचारून तोंडी संमती घ्यावी. देश सोडतानाच्या आठवणी उकरू नयेत. डोळे भरून आले, तर वही मिटावी. आणि अभ्यास पुरा झाल्यावर काय आढळले, ते परत जाऊन सांगावे.

"आणि कोणी ‘ब्याड’ म्हणाले तर?" तिने विचारले.

"तर नमस्कार करून उठायचे. पुन्हा आग्रह नाही. ज्याला ‘ब्याड’ म्हणता येते, त्याच्याच ‘हो’ला किंमत."

तिने नावाचा रकाना खोडला. सोमवारी हुबळीच्या गाडीने ती गेली.