वाचायला जागा द्या!

परळच्या चाळीत एका खोलीत सारा संसार. विद्यार्थी भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच त्यांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले.

उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या सुभाष टेकडीवर आज आमच्या कष्टकऱ्यांची कितीतरी मुले अशाच लहान घरांत वाढतात. त्यांनी वाचायचे कोठे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेही बंधनकारक केली आहेत. पण ग्रंथालय म्हणजे कुलूपबंद कपाट नव्हे! आम्हाला खोली हवी. टेबल-खुर्च्या, दिवे, पंखे, संगणक, इंटरनेट आणि मुलांना पुस्तक हाताळू देणारा ग्रंथपाल हवा. ती खोली शाळा सुटल्यावरही रात्री नऊपर्यंत उघडी हवी.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण हिस्सा पालकांचा असतो आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. पालकांनो, बैठकीला जा, ठराव लिहून घ्या, महापालिकेकडे पाठपुरावा करा. जयंती मंडळांनीही १४ एप्रिलच्या वर्गणीतला एक वाटा पुस्तकांसाठी काढून ठेवावा. हे काम याच वर्षी व्हायला हवे!