फाटा द्यावा की फाटा फोडावा?

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात देवगाव फाटा आहे, तर कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी. प्रश्नोत्तरांच्या सामूहिक संग्रहात दोन्हींकडचे प्रश्न नुसत्या ‘देवगाव’ या टॅगखाली पडले, की घोळ ठरलेला. ‘उत्तर’चेही तेच: दिशा की जबाब? अशा शब्दांना सरसकट फाटा द्यावा, असे सफाईचे कैवारी म्हणतात. आम्हांस हे मुळीच मान्य नाही. विचारणारा आपल्या तोंडातल्या शब्दानेच शोधणार. तो शब्द पुसला, की त्याची वाटच बुजते. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर निःसंदिग्धीकरणाची पाने आहेत: नाव एक, खाली साऱ्या वाटा. संदिग्ध शब्द खोडू नये. तिथे फाटा फोडून प्रत्येक वाटेवर पाटी लावावी.