चित्राची मागची बाजू : मुक्त ज्ञानकोशातील चित्रे आणि त्यांचे वगळणे

मुक्त ज्ञानकोशातील लेखाची भाषा कशी असावी, संदर्भ कसे द्यावेत, याचा विचार आपण करतो. लेखासोबतच्या चित्राचा विचार मात्र बहुधा ते चित्र नाहीसे झाल्यावरच सुरू होतो. आपल्या गावच्या कवीवर किंवा हुतात्म्यांवर परिश्रमपूर्वक लेख लिहावा, त्याला साजेसे छायाचित्र जोडावे आणि काही दिवसांनी पाहावे तर चित्राची जागा रिकामी. चर्चापानावर एवढीच सूचना असते, की उगम नमूद नाही, परवाना नमूद नाही, म्हणून संचिका वगळण्यात आली. असा अनुभव आलेला नवा लेखक दुखावतो. आपल्या गावाची उपेक्षा झाली, असे त्याला वाटते आणि पुष्कळदा तो कोशाकडे कायमची पाठ फिरवतो.

या दुखावण्यात तथ्य आहे, पण रोख चुकीच्या ठिकाणी आहे, असे माझे मत आहे. चित्राची हकीगत, म्हणजे ते कोणी काढले, केव्हा काढले, कोठून मिळाले आणि कोणी देऊ केले, ही आपण नोंदवत नाही, आणि आपल्या स्थानिक इतिहासाची खरी हानी तेथेच होते. त्याच न्यायाने, कारण नीट न सांगता चित्र वगळणे हाही दोषच मानला पाहिजे. सोलापूरची काही उदाहरणे समोर ठेवून हे मत तपासून पाहू.

मोफत आणि मुक्त

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००४ मध्ये, सर्व भाषांतील विकिपीडियांसाठी ‘विकिमीडिया कॉमन्स’ हे चित्रांचे सामाईक भांडार उघडले गेले. तेथे ठेवलेले एकच चित्र मराठी, कन्नड, तेलुगू अशा कोणत्याही भाषेच्या कोशात वापरता येते. तेथून ते वगळले गेले, तर या सर्व कोशांतील लेखांतून एकाच वेळी नाहीसे होते.

या भांडाराची अट कडक आहे. चित्र कोणालाही वापरता, बदलता आणि विकताही आले पाहिजे. श्रेय देण्याची अपेक्षा ठेवता येते. ‘केवळ शैक्षणिक उपयोगासाठी’ असे लिहून दिलेली परवानगी येथे चालत नाही. हे प्रथमदर्शनी अन्यायाचे वाटते. परंतु मोफत आणि मुक्त यांत भेद आहे. मोफत वस्तू पाहता येते. मुक्त वस्तू पुढे नेता येते. उद्या एखाद्या प्रकाशकाने विकिपीडियातील लेख चित्रांसह पुस्तकरूपाने छापून विकायचे ठरवले, तर त्याला पानोपानी नव्याने परवानग्या मागाव्या लागू नयेत, हा या अटीमागील हेतू आहे.

सोलापूरची उदाहरणे

मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. शहरात त्यांचे पुतळे आहेत. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्याची मुभा १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम ५२ देते. म्हणून तुम्ही स्वतः जाऊन या पुतळ्यांचे छायाचित्र काढले, तर ते कोशाला निःशंकपणे देता येते. त्याच पुतळ्यांचे वृत्तपत्रात आलेले छायाचित्र मात्र देता येत नाही, कारण त्यावर हक्क छायाचित्रकाराचा किंवा वृत्तपत्राचा असतो. भिंतीवरील रंगीत चित्राला किंवा फलकावरील चित्राला ही मुभा लागू होत नाही. वस्तू एकाच चौकात असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या एका जातीच्या नसतात.

दुसरे उदाहरण डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. १९१० साली सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांच्या जीवनावर ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ मध्ये आला. त्यात कोटणीसांची भूमिका स्वतः व्ही. शांताराम यांनी केली होती. आपल्याकडे चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे या चित्रपटाची भारतातील मुदत केव्हाच संपली. (कॉमन्सवर अमेरिकेतील मुदतही पाहिली जाते, त्यामुळे तेथे एवढ्याने भागत नाही.) आता कल्पना करा, की या चित्रपटातील एक दृश्य ‘डॉ. कोटणीस’ एवढ्याच नावाने कोणी चढवले. भारतात त्यावर कोणाचा हक्क नसेल, परंतु ते कोटणीसांचे चित्र नाही, नटाचे आहे. उगमाचा प्रश्न हा केवळ मालकीचा नसून सत्याचाही आहे, हे येथे ध्यानात येते. हस्तलिखिताचा काळ, लेखनिक आणि प्राप्तिस्थान न सांगता त्यातील पाठ प्रमाण मानणे आपण पाठचिकित्सेत मान्य करणार नाही. मग चित्राला वेगळा न्याय का लावावा?

तिसरे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कवी कुंजविहारी, कवी संजीव यांच्यासारखे कवी या शहराने मराठीला दिले. अशा साहित्यिकांची, तसेच गिरणी कामगार, विणकर आणि शिक्षक यांची छायाचित्रे आज प्रामुख्याने घराघरांतील भिंतींवर आणि जुन्या अल्बमांत आहेत. घरात प्रत आहे म्हणून हक्कही आपलाच, हा समज बरोबर नाही. पण भारतीय कायद्यात एक उपयुक्त तरतूद आहे, जी फारशी कोणाला ठाऊक नसते. कलम १७ नुसार, एखाद्याने मोबदला देऊन स्वतःच्या सांगण्यावरून छायाचित्र काढून घेतले असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर प्रताधिकाराचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. स्टुडिओत जाऊन पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क त्या व्यक्तीकडे आणि पुढे तिच्या वारसांकडे असू शकतो. म्हणजे ते मुक्त परवान्याखाली देण्याचा अधिकारही कुटुंबाकडे असू शकतो. मात्र ते स्टुडिओत काढून घेतले होते, हे कशावरून सांगणार? छायाचित्राच्या पाठीवरील शिक्का, हाताने लिहिलेली तारीख, जपून ठेवलेली पावती किंवा घरातील वृद्ध व्यक्तीची आठवण यांवरून. आपण छायाचित्राची पुढची बाजू स्कॅन करतो आणि मागची तशीच सोडतो. जुने स्टुडिओ बंद होत आहेत, सांगणारी माणसे कमी होत आहेत. चित्र उरेल, पण ते कोणाचे आणि कोणी काढलेले, हे सांगणारे कोणी उरणार नाही. आणि मग तेच चित्र कोशातून वगळले जाईल.

वगळणाऱ्यांची जबाबदारी

हे सारे चित्र देणाऱ्याबद्दल झाले. वगळणाऱ्याकडेही काही मागणे आवश्यक आहे. कॉमन्सवर वगळण्याची चर्चा सामान्यतः सात दिवस खुली राहते. परवानगी जोडली नसेल, तरी बहुधा तेवढीच मुदत मिळते. मुदत न्याय्य आहे. सूचनेची भाषा मात्र नव्या माणसाला आरोपासारखी लागते. मराठी कोशात सामूहिक चर्चेच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात. चावडीवर आलेल्या माणसाला आधी बसा म्हणावे आणि मग प्रश्न विचारावा, ही आपली रीत आहे. ‘हे छायाचित्र आपण स्वतः काढले आहे का? नसल्यास कोणाकडून मिळाले?’ असे दोन सरळ मराठी प्रश्न प्रचालकाने विचारले, तर अनेक संचिका वगळण्याची वेळच येणार नाही.

वगळणे म्हणजे जाळून टाकणे नव्हे, हेही नव्या लेखकांना सांगितले गेले पाहिजे. वगळलेली संचिका वाचकांना दिसत नाही. पुरेसा पुरावा किंवा परवानगी मिळाल्यास प्रचालक ती परत आणू शकतात. प्रताधिकाराची मुदत ज्या वर्षी संपेल, त्या वर्षाच्या वर्गात कॉमन्सवरील अशा संचिका नोंदवून ठेवण्याची पद्धतही आहे. कोशाची स्मृती अशी दीर्घ आहे. मात्र ज्या संचिकेबरोबर काळाची आणि कर्त्याची काहीच नोंद नाही, तिला कोणत्या वर्षाच्या वर्गात ठेवायचे?

यावर काहींचे म्हणणे असे, की मराठी कोशाने आपल्यापुरते नियम सैल करावेत. विकिमीडिया प्रतिष्ठानच्या २००७ च्या ठरावाने प्रत्येक भाषेच्या कोशाला मर्यादित अपवाद करण्याची मुभा दिली आहे. इंग्रजी कोश पुस्तकाच्या मुखपृष्ठासारखी चित्रे अटी घालून ठेवतो; स्पॅनिश कोशाने मात्र सारी चित्रे कॉमन्सवरच ठेवण्याचा मार्ग पत्करला. दिवंगत साहित्यिकाचे दुसरे चित्र मिळणे अशक्य असेल, तेथे अपवादाची खिडकी असावी, असे मलाही वाटते. परंतु प्रत्येक अपवादाचे कारण लिहिणारे आणि तपासणारे हात आधी तयार हवेत. ते नसतील, तर खिडकीचा दरवाजा व्हायला वेळ लागणार नाही.

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासाबरोबर एक काम करून पाहा. आपल्या घरातील किंवा शेजारच्या घरातील एक जुने छायाचित्र घ्या. त्याच्या दोन्ही बाजू स्कॅन करा. कोणी, केव्हा, कोठे, कोणाच्या सांगण्यावरून काढले आणि आज ते कोणाकडे आहे, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा. ते छायाचित्र कोशात जाईल किंवा न जाईल. हक्क कोणाकडे आहे हे स्पष्ट होऊन त्यांची लेखी अनुमती मिळेपर्यंत ते चढवूही नका. दहा ओळी मात्र आजच लिहा, कारण त्या सांगणारी व्यक्ती आज तुमच्यासमोर आहे.