परदेशातील उमेदवारी : तीन प्रश्न विचारूनच सही करा



विद्येसाठी समुद्र ओलांडणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट राहिलेली नाही. परंतु अलीकडे महाविद्यालयात शिकणारी आपली मुले-मुली एक निराळाच कागद घेऊन घरी येऊ लागली आहेत. हा कागद पदवीच्या प्रवेशाचा नसतो. तो असतो ‘इंटर्नशिप’चा, म्हणजे आपल्या जुन्या शब्दांत सांगावयाचे तर उमेदवारीचा. चार, आठ अथवा बारा आठवडे परदेशी जावे, तेथील खेड्यात किंवा झोपडवस्तीत काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत राबावे, आणि प्रमाणपत्र घेऊन परत यावे, असा हा क्रम. विषय असतात दोन : समाजविकास आणि सामाजिक उद्योजकता.

यांतील पहिला शब्द आपल्या वडीलधाऱ्यांना परका नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी भारत सरकारने समाजविकास योजना सुरू केली. त्या योजनेत लोकांचा सहभागच उभा राहिला नाही, हे १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने दाखवून दिले. दुसरा शब्द नवा आहे. नफा हेच अंतिम ध्येय न मानता, परंतु धंद्याच्या शिस्तीने व हिशेबाने चालून एखादा सामाजिक प्रश्न सोडवू पाहणे, म्हणजे सामाजिक उद्योजकता.

अशा उमेदवारीला माझा विरोध नाही. जग पाहिल्याने बुद्धी रुंदावते, आणि आपल्या मुलांना जग पाहण्याचा इतरांइतकाच अधिकार आहे. परंतु वकिलीच्या धंद्यात असल्याने माझी एक सवय आहे. कागद कितीही गोड शब्दांत लिहिलेला असो, सही करण्यापूर्वी मी तीन प्रश्न विचारतो : खर्च कोणाचा? शिकणार कोण? आणि जाब कोणाला द्यावयाचा? हेच तीन प्रश्न आपणही विचारावेत, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

भाकरी कोणाची?

उमेदवाराला पूर्वी निदान जेवणखाण मिळत असे. आजच्या या उमेदवारीत पुष्कळदा उलट व्यवहार असतो. काम उमेदवाराने करावयाचे आणि पैसेही त्यानेच भरावयाचे. विमानाचे भाडे, विमा, राहण्याचा खर्च आणि त्यावर मध्यस्थ संस्थेची फी! ज्याच्या बापाची ऐपत आहे त्याला हा खर्च म्हणजे सुट्टीतील सहल वाटते. ज्याची आई सोसायटीचे कर्ज काढते किंवा गळ्यातले मोडते, त्याला मात्र तो कित्येक वर्षे पुरणारा बोजा होतो. पुढे नोकरीच्या वेळी दोघांच्या अर्जांची तुलना होते तेव्हा प्रमाणपत्र असलेला पुढे आणि नसलेला मागे राहतो. गुणवत्तेच्या नावाने येथे ऐपतीचीच परीक्षा होते.

ही तक्रार केवळ आपली नाही. २०१५ साली जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांत बिनपगारी उमेदवारी करणारा एक तरुण तंबूत राहत असल्याचे उघडकीस आले, आणि जगाचे लक्ष या अन्यायाकडे वळले. मानवी हक्कांचा पुरस्कार करणाऱ्या संघटनेच्या दारात उमेदवाराला निवारा नसावा, यापरता विरोधाभास कोणता? जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१८ साली ठराव करून २०२० पासून उमेदवारांना विद्यावेतन सुरू केले. इच्छा असली की मार्ग निघतो, हे यावरून स्पष्ट होते.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४७ साली रेल्वेवर काम शिकणाऱ्यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, जो केवळ स्वतःच्या लाभासाठी शिकतो आणि ज्याच्यापासून मालकाला तत्काळ लाभ होत नाही, तो किमान वेतनाच्या कायद्याखालील कामगार नव्हे. २०१५ साली न्यूयॉर्क येथील अपील न्यायालयाने एका चित्रपट कंपनीच्या बिनपगारी उमेदवारांच्या दाव्यात याच सूत्राचा विस्तार केला. या व्यवहारात मुख्य लाभ कोणाचा, उमेदवाराचा की मालकाचा, ही त्यातील कसोटी. ही कसोटी नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना लागू पडते. धर्मादाय संस्थेत वेतनाची अपेक्षा न धरता काम करणारा हा सामान्यतः स्वयंसेवक समजला जातो. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. सेवेच्या ज्या क्षेत्राकडे आपली सहृदय मुले अधिक ओढली जातात, नेमक्या त्याच क्षेत्रात वेतनाचे संरक्षण सर्वांत विरळ आहे.

दुसरी गोष्ट परवान्याची. प्रवासी व्हिसावर जाऊन काम करणे अनेक देशांत बेकायदा आहे, आणि ‘बिनपगारी होते’ हा बचाव सर्वत्र चालत नाही. अमेरिकेत उमेदवारीसाठी जे-१ नावाचा स्वतंत्र व्हिसा आहे. त्यासाठी प्रशिक्षणाचा लेखी आराखडा लागतो आणि त्यावर उमेदवार, पुरस्कर्ती संस्था व काम देणारी संस्था या तिघांच्याही सह्या लागतात. ‘पर्यटक म्हणून जा, पुढचे आम्ही पाहून घेऊ’ असे कोणी मध्यस्थ सांगू लागला, तर त्याच्या दारातून तत्काळ परत फिरावे.

शिकणार कोण?

उच्चशिक्षित तरुणाने गरिबांच्या वस्तीत जाऊन राहावे, ही कल्पना जुनी आहे. १८८४ साली लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल स्थापन झाला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे पदवीधर तेथे मुक्कामाला येत. विल्यम बेव्हरिज आणि क्लेमंट अ‍ॅटली हे दोघेही तरुणपणी तेथे होते. पुढे १९४२ साली बेव्हरिज यांनी सामाजिक विम्याचा प्रसिद्ध अहवाल लिहिला, आणि १९४५ साली पंतप्रधान झालेल्या अ‍ॅटलींच्या सरकारने त्या दिशेने कायदे केले. वस्तीत राहून या दोघांनी जे पाहिले, त्याची निष्पत्ती दानधर्मात न होता हक्कात झाली, म्हणून ते राहणे सार्थकी लागले.

याउलटही घडते. १९६८ साली मेक्सिकोत सेवाकार्यासाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर इव्हान इलिच या विचारवंताने कठोर भाषण केले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, पाहावयास या, शिकावयास या, परंतु ज्यांची भाषाही तुम्हांस येत नाही त्यांचा उद्धार करावयास येऊ नका. इलिच यांचा इशारा पुढे किती खरा ठरला, हे कंबोडियातील अनाथालयांनी दाखविले. परदेशी तरुण पैसे भरून मुलांची सेवा करावयास येऊ लागले, तशी अनाथालये वाढली, आणि त्यांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले. सेवेची मागणी वाढली म्हणून अनाथ निर्माण केले गेले! २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात अशा अनाथालय-सेवेच्या धोक्याची दखल घेतली.

वाचकहो, ही गोष्ट आपल्याला कोणी समजावून द्यावयास नको. आपल्या वस्तीत वह्या आणि कॅमेरे घेऊन किती जण आले आणि गेले! आपल्या आयांना त्यांनी प्रश्न विचारले, आपल्या पोरांची छायाचित्रे काढली, आणि त्या अहवालाचे पुढे काय झाले हे आपल्याला कधी कळले नाही. दुसऱ्याच्या नजरेखाली वस्तू होऊन उभे राहण्याचे दुःख ज्याने भोगले आहे, त्याच्या मुलाने केनियातील किंवा बांगलादेशातील वस्तीत त्याच नजरेने पाहू नये.

मग शिकावे कसे? बांगलादेशातील ग्रामीण बँकेचेच उदाहरण घ्या. १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा गावात प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना ८५६ टका कर्जाऊ दिले. त्यातून १९८३ साली बँक उभी राहिली, आणि २००६ साली दोघांनाही शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. जगभरातील विद्यार्थी तेथे उमेदवारीसाठी येत आले आहेत. पाच-पाच स्त्रियांचे गट, तारण नाही, आठवड्याची बैठक आणि हप्त्याची काटेकोर वसुली हे सर्व चार आठवड्यांत पाहून होते. परंतु चार आठवड्यांत जे दिसत नाही ते काय? हप्ता चुकला की शेजारणींचा दाब कसा येतो, एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज कसे काढले जाते, हे बैठकीत दिसत नाही. २०१० साली आपल्या शेजारच्या आंध्र प्रदेशात सूक्ष्मकर्जाच्या वसुलीचा जाच इतका वाढला की सरकारला अध्यादेश काढावा लागला. २०१५ साली भारत, मेक्सिको, मोरोक्को आदी सहा देशांतील अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. सूक्ष्मकर्जाने थोडा लाभ होतो, दारिद्र्याचा कायापालट होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जो विद्यार्थी हे वाचून जाईल, तो बैठकीत योग्य प्रश्न विचारील. न वाचता जाईल, तो केवळ जाहिरात घेऊन परतेल.

जाब कोणाला?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचे गाव आहे. १९७२ साली बंकर रॉय यांनी तेथे जी संस्था स्थापिली, तिच्यात आफ्रिकेच्या खेड्यांतून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या प्रौढ स्त्रिया सहा महिने राहून सौरदिव्यांची जुळणी व दुरुस्ती शिकल्या. खुणा आणि रंग हीच त्यांची भाषा होती. २००८ पासून त्यांचा प्रवास व शिक्षण यांचा खर्च भारत सरकारच्या तांत्रिक सहकार्य योजनेतून झाला. त्यांना गावाने निवडले होते आणि परत गेल्यावर त्यांना गावातच दिवे लावावयाचे होते. घरटी ठरावीक रक्कम गोळा करून गावाने त्यांच्या कामाचे मोल द्यावयाचे, अशी योजना होती. हीसुद्धा परदेशातील उमेदवारीच आहे! शिकणारीला पाठविणारे कोणी होते, तिची भाकरी कोणी तरी उचलली होती, आणि परतल्यावर तिला जाब विचारणारे गाव होते.

याच दृष्टीने बाबासाहेबांच्या परदेशगमनाकडे पाहावे. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे सरकारशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी, अशा त्याच्या अटी होत्या. भाकरीची तरतूद होती, परतफेडही ठरलेली होती. परंतु १९१७ साली करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळाली नाही आणि पारशी वसतिगृहातून त्यांना हाकलून देण्यात आले. विद्यार्थ्याला बांधणारा कागद होता. परतलेल्या विद्वानाला माणूस म्हणून वागवील, असे समाजाला बांधणारा कागद मात्र नव्हता. यावरून मी एवढाच धडा घेतो की, करार एकाच बाजूला बांधणारा नसावा. आपला मुलगा संस्थेला जितका बांधील, तितकीच संस्था त्याला बांधील असली पाहिजे.

काय करावे?

सबब, माता-पित्यांनो, पुढील गोष्टी लेखी मागा. काम कोणते आणि देखरेख कोणाची? विद्यावेतन मिळणार की नाही? आजारपण, अपघात अथवा छळ झाल्यास जबाबदारी कोणाची? मध्येच परतावे लागल्यास फी परत मिळणार काय? ज्या वस्तीत काम करावयाचे तेथील लोकांनी असा उमेदवार मागितला आहे काय? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर इतर उत्तरे कितीही चांगली असली तरी सही करू नका.

आणि कर्ज काढण्यापूर्वी हक्काचे दार ठोठवा. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालत आली आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा समावेश झाल्याने तिचे दार आपल्यालाही खुले झाले. या शिष्यवृत्त्या पदवीसाठी आहेत, चार आठवड्यांच्या प्रमाणपत्रासाठी नाहीत. समाजविकासाचे दोन वर्षांचे शिक्षण आणि त्यातच अंतर्भूत असलेली उमेदवारी ही सुटीतील सहलीहून शतपटीने मोलाची आहे. मात्र २०२२ च्या नियमावलीत केंद्राने भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. ज्या समाजाला आपल्याच देशातील विषमतेचा शास्त्रशुद्ध अभ्यास करावयाचा आहे, त्याच समाजाच्या विद्यार्थ्यांना तो विषय वर्ज्य करावा, हे कोणत्या न्यायात बसते? याविरुद्ध संघटितपणे आवाज उठविणे हे आपले कर्तव्य आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही अवश्य जा. परंतु निघण्यापूर्वी वस्तीच्या सभेत उभे राहून सांगा की, मी अमुक शिकावयास जात आहे. परतल्यावर त्याच सभेत पुन्हा उभे राहा, काय शिकलो ते सांगा आणि लोक जे विचारतील त्याला उत्तर द्या. परदेशातील वस्तीचा निरोप घेतानाही तेथील लोकांपुढे असाच हिशेब ठेवा. भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्राला कोणी प्रश्न विचारीत नाही. वस्ती विचारील, आणि तिने विचारावे यातच तुमच्या शिक्षणाचे सार्थक आहे.

जय भीम!